महोगनीच्या देशातला नाताळ

गुलाम सुखी होते हे पटवून देण्यासाठी मालकवर्गाने जे पुरावे वेळोवेळी पुढे केले, त्यांत गुलामांचा सण हा एक ठरलेला पुरावा आहे. ‘बघा, कसे नाचताहेत!’ असे म्हटले की चाबकाविषयी कोणी विचारत नाही. मध्य अमेरिकेतील बेलीझ या चिमुकल्या देशाचा इतिहास इंग्रज मालकांनी आणि पुढे त्यांच्या वारसांनी बराच काळ याच पद्धतीने सांगितला. आमच्याकडे उसाचे मळे नव्हते, जंगलाचे मोकळे काम होते, मालक आणि गुलाम खांद्याला खांदा लावून राबत, आणि नाताळात तर गुलाम आठवडाभर राजासारखे वागत, असे हे कथन आहे. त्यातील नाताळ तेवढा खरा आहे. म्हणूनच तो नीट तपासला पाहिजे.

बेलीझ म्हणजे पूर्वीचे ब्रिटिश होंडुरास. १९७३ साली नाव बदलले आणि २१ सप्टेंबर १९८१ रोजी देश स्वतंत्र झाला. लोकसंख्या आज सुमारे चार लाख. सभोवती स्पॅनिश बोलणारे देश, आणि हा एकटा इंग्रजी राज्यभाषेचा. कारण सतराव्या शतकात येथे इंग्रज लाकूडतोडे येऊन बसले. आधी ते कापड रंगवण्यासाठी लागणारे लाकूड तोडीत. १७७० नंतर महोगनी तोडू लागले. जमीन कागदोपत्री स्पेनची. १७८३ आणि १७८६ च्या करारांनी इंग्रजांना लाकूड तोडण्याची मुभा मिळाली, पण मळे लावण्यास बंदी राहिली. मळे नव्हते ते या बंदीमुळे. मालकांच्या दयाबुद्धीचा त्यात काही भाग नव्हता. लाकूड तोडायला आफ्रिकन माणसे विकत आणली गेली, बहुतेक जमैकाच्या बाजारांतून. १७९० च्या सुमारास वसाहतीतील दर चार माणसांपैकी तीन गुलाम होती.

महोगनीचे काम समजल्याशिवाय नाताळ समजणार नाही. हे झाड कळपाने वाढत नाही, जंगलात एकेकटे उभे असते. म्हणून टोळीतील एक जाणता गुलाम आधी जंगलात शिरून, उंच झाडावर चढून, पानांच्या रंगावरून महोगनी हेरी. मग वाट पाडायची. झाडाच्या बुंध्याला मोठे पसरट आधार असतात, म्हणून जमिनीपासून दहा-बारा फुटांवर माचाण बांधून त्यावर उभे राहून कुऱ्हाड चालवायची. ओंडके ओढायचे ते एप्रिल-मे महिन्यांत, जमीन कोरडी असताना. आणि तेही रात्री, मशालींच्या उजेडात, कारण दिवसाच्या उन्हात बैलांना ओझे सोसत नसे. बैलांना ऊन लागते हे मालकांना समजत होते. जूनच्या पावसाने नद्या फुगल्या की ओंडके पाण्यात सोडायचे आणि त्यांच्यामागून होडीने मुखापर्यंत जायचे. खायला आठवड्याचे मोजून दिलेले खारवलेले डुकराचे मांस आणि पीठ. या लाकडाच्या मेजांवर इंग्लंडातील बड्या घरांनी जेवणे केली.

टोळ्या महिनोन्‌महिने जंगलात असत. बायका बहुतेक बेलीझ गावात, मालकांच्या घरी धुणे, स्वयंपाक, मुले सांभाळणे या कामांना जुंपलेल्या. नवरा एका मालकाचा, बायको दुसऱ्याची, असेही असे. टोळ्या गावात परतत त्या नाताळाला. तेव्हा नाताळ हा ख्रिस्ताच्या जन्माचा दिवस असण्याआधी या माणसांच्या दृष्टीने भेटीचा दिवस होता. बापाला आपले मूल किती वाढले ते कळण्याचा दिवस. ‘आठवडाभर झोपत नाहीत’ असे ज्यांनी त्यांच्याविषयी लिहिले, त्यांनी ती का झोपत नाहीत याचा विचार केला नाही. वर्षातून एकदा घरी आलेल्या माणसाने झोपून कसे चालेल?

तसे लिहिणाऱ्यांपैकी एक होता जॉर्ज हेंडरसन, वेस्ट इंडिया रेजिमेंटमधला इंग्रज कॅप्टन. १८०९ साली या वसाहतीविषयी त्याचे पुस्तक निघाले. त्यात नाताळाच्या सुटीचे वर्णन आहे. सुटी साधारण आठवडाभराची. आफ्रिकेतील ज्या ज्या जमातींतून माणसे आणली गेली होती, त्या त्या जमातींचे वेगवेगळे गट, त्यांचे वेगळे नाच, ढोलांचा अखंड गजर. नदीवर होड्यांच्या शर्यती. हेंडरसनला या लोकांच्या दमाचे नवल वाटते. गोऱ्या निरीक्षकाचे हे नवल आपण बाजूला ठेवू. पण त्याने नकळत एक महत्त्वाची साक्ष देऊन ठेवली आहे. विकताना ज्यांची नावे पुसली, कुळे पुसली, ती माणसे वर्षातून एक आठवडा आपापल्या जमातीच्या नावाने एकत्र जमत होती. निमित्त मालकाच्या देवाच्या जन्माचे, आणि ढोल आपला.

आता ‘सुखी’ गुलामांच्या दुसऱ्या बाजूच्या तारखा पाहा. १७६५, १७६८, १७७३ या सालांत उठाव झाले. १७७३ चा सर्वांत मोठा. बेलीझ नदीच्या काठच्या टोळ्यांनी मालक ठार केले आणि ते कित्येक महिने आटोक्यात आले नाहीत. १८२० साली पुन्हा, विल आणि शार्पर या दोन गुलामांच्या पुढारीपणाखाली. खुद्द अधिकाऱ्यांना चौकशीत कबूल करावे लागले की मालकांनी त्यांना फार क्रूरपणे वागवले होते. पळून जाणाऱ्यांची तर गणतीच नाही. उत्तरेला युकातान, पश्चिमेला पेतेन. १८२४ साली मध्य अमेरिकेच्या संघराज्याने गुलामगिरी रद्द केल्यावर नुसती सीमा ओलांडली की माणूस मोकळा होत असे. आणि ज्याच्या हाती रोज कुऱ्हाड असे त्याला मालक सहसा एकटा भेटत नसे. जंगलातील ‘सौम्य’ गुलामगिरीचे एक कारण हेही असावे.

नाताळाचे मालकांना कौतुक होते तशी धास्तीही होती. इंग्रजांच्या सर्व कॅरिबियन वसाहतींत या सुटीच्या दिवसांत चौक्या-पहारे वाढवले जात. सगळे काम थांबलेले, सगळी माणसे एकत्र आलेली, ढोल वाजताहेत आणि ढोलाची भाषा मालकाला समजत नाही. जमैकात १८३१ च्या नाताळात ही धास्ती खरी झाली. सॅम्युएल शार्प हा गुलाम बॅप्टिस्ट पंथाचा उपदेशक होता. सुटी संपल्यावर मजुरीशिवाय कामावर जायचे नाही, अशी शपथ त्याने लोकांना दिली. २७ डिसेंबरला मळे पेटले. हजारो गुलाम त्यात उतरले. शार्पला मे १८३२ मध्ये फाशी दिले, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेला गुलामगिरी संपवण्याचा कायदा करावा लागला. मालकाच्या धर्मग्रंथातील मुक्तीचा शब्द गुलामाने शब्दशः घेतला की काय होते, ते त्या नाताळाने दाखवले.

१८३४ मध्ये कायदा अंमलात आला आणि १८३८ मध्ये उरलेसुरले बंधन सुटले. नुकसानभरपाई मिळाली; अर्थात मालकांना. बेलीझमध्ये दर गुलामामागे सरासरी सुमारे ५३ पौंड, साऱ्या साम्राज्यात सर्वांत जास्त. ज्यांचे नुकसान झाले होते त्यांना एक पेनीही नाही. शिवाय आजवर फुकट वाटली जाणारी सरकारी जमीन नेमकी याच वेळी एकरी एक पौंड या भावाने विकायची ठरली. कारण लंडनहून आलेल्या पत्रात स्पष्ट होते: जमीन फुकट मिळाली तर हे लोक मजुरीला येणार नाहीत. गुलामाला स्वातंत्र्य द्यायचे, पण पाय टेकायला माती द्यायची नाही!

आणि येथून नाताळाचा दुसरा अध्याय सुरू होतो. मोकळ्या माणसाला जंगलात न्यायचे कसे, हा मालकांपुढचा प्रश्न होता. उत्तर नाताळात सापडले. टोळ्या डिसेंबरात गावात येत, वर्षाचा हिशेब होई, आणि त्याच दिवसांत पुढील वर्षाचा करार लिहिला जाई. करारावर आंगठा उठवताच काही महिन्यांची मजुरी आगाऊ हातात. मराठी वाचकाला ‘उचल’ हा शब्द समजावून सांगायला नको. म्हणायला ती उचल जंगलात लागणाऱ्या सामानासाठी असे. प्रत्यक्षात ती नाताळाच्या चार दिवसांत संपे, कारण वर्षभर न भेटलेल्या बायकोला लुगडे-कपडा, मुलांना काहीबाही, मित्रांना रम, हे सारे त्यातूनच. मग जानेवारीत रिकाम्या हाताने जंगलाकडे. तेथे दुकान मालकाचेच, भाव मालकाचाच, आणि पुढच्या मजुरीतील मोठा भाग रोख न देता मालाच्या रूपाने. वर्ष संपता संपता मजूर पुन्हा देणेकरी. म्हणजे पुन्हा नाताळ, पुन्हा उचल.

काम सोडून गेला तर? तर तो दिवाणी दावा नव्हता, फौजदारी गुन्हा होता. मालक-नोकर कायद्याप्रमाणे कामावर न येणाऱ्या, हुकूम न ऐकणाऱ्या मजुराला पकडून सक्तमजुरीवर पाठवता येई. एक माणूस कर्जात, दुसरा कायद्याच्या आसनावर, आणि पुष्कळदा तो दुसरा माणूसही लाकडाचा व्यापारीच. जमीन हळूहळू काही थोड्या हातांत गेली. १८७५ पासून बेलीझ इस्टेट अँड प्रोड्यूस कंपनी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका लंडनच्या कंपनीकडे वसाहतीतील खासगी जमिनीपैकी जवळजवळ निम्मी होती. मजुराची उधळपट्टी हे त्याच्या दारिद्र्याचे कारण आहे, असे गावातील पांढरपेशे म्हणत राहिले. उचल नाताळातच का दिली जाते, हे मात्र त्यांनी कधी विचारले नाही.

मजुरांनी ते विचारले. १८९४ साली सरकारने चांदीचे चलन बदलून सोन्याच्या आधाराचे डॉलर आणले. मजुरीचा आकडा त्या मानाने वाढला नाही, आणि दुकानांतील भाव चढले. डिसेंबरात महोगनीच्या टोळ्या नेहमीप्रमाणे गावात उतरल्या आणि मजुरी वाढवा म्हणाल्या. ११ डिसेंबरला बेलीझ गावातील दुकाने फुटली. दंगल मोडली गेली, पुढाऱ्यांना शिक्षा झाल्या. इतिहासात याची नोंद चलनाची दंगल अशी होते. पण महिना कोणता होता हे ध्यानात घेतले तर असे दिसते की मालकांनी ज्या मोसमात मजुरांना एकत्र आणून बांधून टाकण्याची सोय केली होती, त्याच मोसमात मजुरांना आपली संख्याही दिसली.

क्रिओल म्हणजे आफ्रिकन गुलामांच्या वंशजांच्या वस्त्यांत नाताळाची जी रीत रुजली तिला ‘ब्राम’ म्हणतात. खुर्च्या-मेजे भिंतीशी सारायची आणि घरात नाच. एका घरातून दुसऱ्या घरात, वाट्टेल तितकी माणसे, रात्रभर. वाद्ये कोणती? ढोल असला तर ढोल. नसला तर गाढवाच्या जबड्याचे हाड, किसणी, झाडूची काठी, डबा. जंगलातील तळांवर याच वाद्यांतून ‘ब्रकडाऊन’ नावाचे गाणे जन्मले. त्यात मुकादमाची टवाळी, शेजाऱ्याची भानगड, दुकानदाराची लबाडी सर्व येते. विल्फ्रेड पीटर्स हा अकॉर्डियन वाजवणारा कलावंत त्या गाण्याचा शेवटचा मोठा वारस मानला जातो. २०१० साली तो वारला. नाताळापूर्वी घर घासूनपुसून काढणे, नवे पडदे लावणे आणि जमिनीवर नवे मेणकापड अंथरणे ही गरीब घरांतीलही रीत आहे. काळा फळांचा केक, अंड्याची रम, भात-घेवडा, हॅम हे जेवण. उत्तरेकडच्या स्पॅनिश बोलणाऱ्या गावांत मरिया-योसेफाची आसऱ्यासाठी दारोदार फिरणारी मिरवणूक निघते. पण ती साऱ्या मध्य अमेरिकेत निघते, म्हणून तिच्यापाशी थांबत नाही.

थांबायचे ते दक्षिणेकडे, डांग्रिगा गावी. येथला नाताळ गारिफुना लोकांचा.

गारिफुना म्हणजे सेंट व्हिन्सेंट या बेटावरील मूळचे कॅरिब आणि गुलामीतून निसटून तेथे आलेले आफ्रिकन, यांच्या मिसळणुकीतून तयार झालेला समाज. ते कोणाचे गुलाम झाले नाहीत, हाच त्यांचा अपराध. उसासाठी इंग्रजांना बेटाची जमीन हवी होती. युद्ध झाले. १४ मार्च १७९५ रोजी त्यांचा नायक जोसेफ शातोये मारला गेला. पुढच्या वर्षी शरणागती. मग इंग्रजांनी चार हजारांहून अधिक स्त्रीपुरुष-मुलांना बालिसो नावाच्या ओसाड बेटावर नेऊन टाकले. तेथे सुमारे निम्मी रोगराईने मेली. उरलेली दोनएक हजार माणसे जहाजांत घालून होंडुरासच्या रोआतान बेटावर एप्रिल १७९७ मध्ये उतरवली. तेथून ती किनाऱ्याने पसरली. १८०२ च्या सुमारास बेलीझमध्ये लाकडाच्या कामावर आली. आणि १८३२ च्या १९ नोव्हेंबरला होंडुरासमधील धामधुमीतून निसटलेला एक मोठा जथा होड्यांनी आजच्या डांग्रिगाच्या किनाऱ्याला लागला, असे ते लोक स्मरतात.

बेलीझच्या मालकांना यांची मजुरी हवी होती, सहवास नको होता. कधीही गुलाम न झालेला काळा माणूस आपल्या गुलामांच्या नजरेस पडू नये, ही त्यांची काळजी. म्हणून परवान्याशिवाय राहण्यास मनाई. म्हणून वस्ती दूर दक्षिणेला. हे माणसे खातात, भूतविद्या करतात, असल्या कंड्या पिकवल्या गेल्या आणि दुर्दैव असे की क्रिओल वस्त्यांतही त्या खऱ्या मानल्या गेल्या. नरमांसभक्षकाला युरोपीय भाषांत जो शब्द आहे, तो कॅरिब या नावाचाच अपभ्रंश आहे! ज्यांची बेटे गिळली त्यांनाच माणसे गिळणारे ठरवले. पुढे याच ‘रानटी’ समाजातून शिक्षक निघाले. कॅथलिक मिशनने दक्षिणेकडील दुर्गम माया गावांतील शाळा चालवल्या त्या मुख्यतः गारिफुना मास्तरांच्या बळावर.

या लोकांचा नाताळचा नाच म्हणजे ‘वानारागुआ’, किंवा ‘जंकुनू’. २५ डिसेंबरला सुरू होतो, ६ जानेवारीला संपतो. नाचणारा पुरुष पांढरा पोशाख करतो. छातीवर आडव्यातिडव्या रंगीत फिती, डोक्यावर रंगीत कागद, आरसे आणि पिसे लावलेला उंच टोप, गुडघ्यांना शिंपल्यांचे झुबके. चेहऱ्यावर तारेच्या जाळीचा मुखवटा. आणि हा मुखवटा गोऱ्या माणसाचा आहे: गुलाबी-पांढरे गाल, कोरलेल्या भुवया, बारीक मिशी. काळा माणूस इंग्रज साहेबाचा चेहरा लावून साहेबाच्या सणाला घरोघर जातो, अंगणात नाचतो, आणि घरवाल्याने पैसे किंवा रम दिल्याशिवाय पुढे जात नाही. वर्षभर हिशेब मांडणारा साहेब येथे वसुलीला दारात आलेला आहे, आणि पोरेटोरे त्याला हसताहेत.

याच्यामागची कथा गारिफुना म्हातारे अशी सांगतात. सेंट व्हिन्सेंटवर इंग्रज शिपाई गावात शिरत तेव्हा पुरुष बायकांचे कपडे घालून बसत. बायकाच आहेत असे समजून शिपाई बेसावध झाले की त्यांच्यावर तुटून पडत. घागऱ्यासारखा पोशाख त्या युक्तीची आठवण आहे, असे म्हणतात. अभ्यासक यात जमैकाच्या नाताळी सोंगांचा वाटा दाखवतात, आणि आफ्रिकेतील मुखवट्यांचाही. दोन्ही खरे असायला हरकत नाही. कोणताही समाज आपला नाच एकाच विहिरीतून भरत नाही. महत्त्वाचे हे की पराभवानंतर, बालिसोच्या मरणानंतर, त्या समाजाने नाचासाठी जी कथा निवडली ती इंग्रजांना फसवल्याची होती.

नाचाच्या रचनेतही एक गोष्ट आहे. ढोल दोन असतात. सामान्यतः नाचणारा ढोलाच्या ठेक्यावर नाचतो. येथे उलट आहे. मुख्य ढोलकऱ्याची नजर नाचणाऱ्याच्या पायांवर असते आणि पाय जे बोलतील ते त्याने वाजवायचे. गुडघे किंचित वाकलेले, हात पसरलेले, आणि पाय इतके जलद की शिंपल्यांचा आवाज तिसऱ्या वाद्यासारखा येतो. एकामागून एक नाचणारा पुढे येतो. बाजूला बायका गाणे उचलून धरतात. गाणी पुरुषांनी रचलेली, आणि त्यांत दुःख असते, समाजावरची टीका असते, वर्षात कोणी काय केले त्याची उजळणी असते.

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून चालणार नाही. बारा दिवस साहेबाची नक्कल करायची आणि सात जानेवारीला त्याच साहेबाच्या जंगलात कुऱ्हाड घेऊन जायचे, यात विद्रोह कोठे आहे? मालकाला तर असे सण हवेच असतात. वाफ निघून जाते आणि बॉयलर फुटत नाही. आक्षेप पोकळ नाही. मुखवट्याने उचल फिटली नाही. मालक-नोकर कायदा नाचाने रद्द झाला नाही. त्यासाठी १९३४ साली अँटोनियो सोबेरानिस नावाच्या न्हाव्याला बेलीझच्या चौकात उभे राहून बेकारांची आणि मजुरांची संघटना बांधावी लागली, १९३५ साली तुरुंगात जावे लागले. १९४१ साली कामगार संघटना कायदेशीर झाल्या आणि करार मोडणाऱ्या मजुराला तुरुंगात घालण्याची तरतूद १९४३ साली गेली. म्हणजे गुलामगिरी संपल्यावर शंभरांहून अधिक वर्षे! पण हेही विचारले पाहिजे की त्या शंभर वर्षांत ‘आपण गुलाम नव्हतो, आपल्याला हाकलले’ ही गोष्ट कोणी जिवंत ठेवली. शाळेच्या पुस्तकांत शातोये नव्हता. तेथे होती १७९८ ची इंग्रजांनी स्पॅनिश आरमार परतवल्याची लढाई, आणि तिच्यात मालकाशेजारी आनंदाने लढणारा गुलाम. गारिफुनांच्या मुलाला दुसरा इतिहास मिळाला तो अंगणात, जाळीच्या मुखवट्याआडून.

त्याच इतिहासाच्या आधारावर थॉमस व्हिन्सेंट रामोस या गारिफुना शिक्षकाने १९ नोव्हेंबरच्या आगमन-दिनासाठी चळवळ केली. १९४३ साली दक्षिणेकडील जिल्ह्यांत त्या दिवसाची सार्वजनिक सुटी मिळाली, १९७७ मध्ये साऱ्या देशात. २००१ साली युनेस्कोने गारिफुनांची भाषा, नाच आणि संगीत यांना मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. इंग्रजांनी ज्यांना एका ओसाड बेटावर मरायला सोडले, त्यांचे ढोल आता पॅरिसच्या यादीत आहेत.

यादीत नाव आले म्हणून पोट भरत नाही. महोगनी केव्हाच सरली. देशाच्या झेंड्यावर मात्र कुऱ्हाड आणि वल्हे घेतलेले दोन लाकूडतोडे आणि महोगनीचे झाड अजून उभे आहे. खाली लॅटिनमध्ये लिहिले आहे की या सावलीत मी बहरतो. डांग्रिगाची तरुण माणसे न्यूयॉर्कला, लॉस एंजेलिसला गेली. भाषा मुलांच्या तोंडून निसटते आहे. नाताळाला परदेशातून पैसे येतात, कधी माणसेही येतात. पूर्वी बाप जंगलातून येई, आता विमानाने येतो. किनाऱ्यावरच्या हॉटेलांतून पाहुण्यांसाठीही हा नाच होतो, आणि तेथे मुखवट्याचा चेहरा पाहुण्यांच्या चेहऱ्याशी बराच जुळतो. फोटो काढणाऱ्यांपैकी किती जणांच्या ते लक्षात येते, कोण जाणे. गावात मुलांसाठी स्पर्धा ठेवल्या जातात. टोपाचे वजन सावरत, कमी उंचीची ती मुले पुढे येतात, आणि म्हातारा ढोलकरी मान खाली घालून त्यांच्या पायांकडे पाहत वाजवतो.